फलाट क्रमांक अकरा आणि माझ्या गाठी

ती. दादा यास,

धाकट्या बहिणीचा शिरसाष्टांग नमस्कार. (साष्टांगातली पाच अंगं सध्या दुखतात, तेव्हा उरलेल्या तिघांनी घातलेला नमस्कार तू पूर्ण धरून घे.) तुझी तब्येत कशी आहे? गुडघा काय म्हणतो? वहिनींचा खोकला गेला का? विचारायची रीत म्हणून विचारते हो, नाहीतर तुझी खबरबात तुला कळण्याआधी मला कळते. सकाळी सव्वासातच्या गाडीचा ड्रायव्हर तुझ्याच गल्लीत राहतो. तू किती वाजता, कुठला मफलर गुंडाळून, कुणाला हटकत फिरायला निघालास, हे सगळं तो इथं येऊन मला सांगतो. हे पत्रही त्याच्याच हाती देणार आहे. तू दार उघडेपर्यंत त्याने बेल वाजवत राहायचं असं ठरलंय, तेव्हा त्याच्यावर चिडू नकोस.

फोन का नाही केला, असं तू म्हणशीलच. दादा, फोनवर तू बोलतोस आणि मी 'हं' म्हणते. कधीकधी तर मी 'हं' म्हणायच्या आत तू 'बरं, ठेवतो' म्हणतोस. पत्राचं तसं नाही. पत्राला मधेच तोडता येत नाही. वाचता वाचता तू बडबडशील, पण ती वहिनींनी ऐकायची, मला त्याचा त्रास नाही. (वहिनी, माफ करा.)

तर बातमी अशी, की माझ्या आळसाला नाव मिळालं आहे. बारा वर्षं तू ज्याला आळस म्हणत आलास, त्याला डॉक्टर लोक 'अ‍ॅडिपोसिस डोलोरोसा' म्हणतात. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला वाटलं, कुणी परदेशी गायिका असावी, लांब झगा घालून रंगमंचावर येणारी. साध्या भाषेत सांगायचं तर चरबीच्या दुखऱ्या गाठी. कातडीखाली चरबी गोळा होते, कुठं हरभऱ्याएवढी, कुठं लिंबाएवढी, आणि नुसती गोळा होऊन गप्प बसत नाही, ठणकते. चरबी काय, सगळ्यांच्याच अंगावर असते. (तुझ्या नाही. तुझ्या अंगावर फक्त मतं आहेत.) बहुतेकांच्या गाठी दुखतही नाहीत. माझ्या दुखतात. पिशवीचा पट्टा खांद्यावर टेकला तरी दुखतात, चादरीची घडी पाठीखाली आली तरी दुखतात, आणि एखादीनं प्रेमानं पाठीवर थाप मारली तर मला त्या प्रेमाची आठवण दोन दिवस राहते. शिवाय दुपारी एकदम दमायला होतं. हळूहळू नाही, घरातली वीज जावी तसं. हातातलं काम हातात राहतं आणि माणूस अंधारात. आजार दुर्मीळ आहे. माझ्या डॉक्टरांनी तीस वर्षांत असा तिसरा रोगी पाहिला म्हणे. आपल्या घराण्यात आजवर कुणाचा कशात तिसरा नंबर आला होता, सांग.

नाव मिळेपर्यंत मी काय काय केलं ते तुला माहीत नाही, कारण मी सांगितलं नाही, कारण तू विचारलं नाहीस. पहिला डॉक्टर कोपऱ्यावरचा. त्यानं वर न बघताच सांगितलं, वजन कमी करा. मी नऊ किलो कमी केलं. गाल बसले, गळ्याची हाडं वर आली, ऑफिसातली झाडूवाली बाई मला एकटं गाठून विचारायला लागली की घरी सगळं ठीक आहे ना. गाठी मात्र जिथल्या तिथं. उलट पूर ओसरल्यावर नदीतले दगड दिसावेत तशा जास्तच दिसायला लागल्या. दुसरा डॉक्टर म्हणाला, शरीराचं काही नाही, मनाचं आहे, घरी कसला ताण आहे का? मी म्हटलं, तसा काही नाही, एक थोरला भाऊ आहे. त्यानं ते लिहून घेतलं. (खरंच लिहून घेतलं रे. कुठल्यातरी दवाखान्याच्या कपाटात तू माझ्या आजाराचं कारण म्हणून फायलीत पडून आहेस.) तिसरा सर्जन. त्यानं दंडावरच्या दोन गाठी कापून काढल्या आणि बाटलीत घालून मला दाखवल्या, हलवायाने मिठाई दाखवावी तशा कौतुकानं. पाच महिन्यांनी टाक्यांच्या बाजूला नवीन गाठ हजर. रिकामी जागा दुसरं कुणी बळकावेल अशी भीती वाटली असणार तिला.

आणि चौथा डॉक्टर तू. तुझं अख्खं आयुष्य जमिनीच्या मोजणीत गेलं, साखळी टाकत मैलोन्‌मैल चाललास, त्यामुळं जगात असं एकही दुखणं नाही जे चालण्यानं जाणार नाही, अशी तुझी श्रद्धा. तू पाठवलेली सगळी कात्रणं मी वाचली. 'चाला आणि शंभर वर्षे जगा', 'चालणे हेच औषध', आणि एक कात्रण चुकून बूट विकणाऱ्या दुकानाच्या जाहिरातीचं होतं, तेही वाचलं. आणि मी चालले, दादा. तीन महिने रोज सकाळी बागेला चार फेऱ्या. एके दिवशी तिसऱ्या फेरीत बाकावर टेकले ती तिथंच झोपले. माळ्यानं उठवलं आणि लहान मुलाशी बोलावं तसं हळू आवाजात विचारलं, बाई, घर कुठं आहे आठवतंय का? मला आठवत होतं. फक्त तिथवर जायचं कसं हे कळत नव्हतं.

त्यानंतर तुझं घर बदलणं झालं. त्याबद्दल मी दोन वर्षांत एक अक्षर बोलले नाही आणि आजही बोलणार नव्हते. पण विषय निघालाच आहे (मीच काढला) तर सांगते. तुम्ही सगळे खोकी वाहत होता. मीही एक उचललं, भांड्यांचं. जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर ते खाली ठेवलं आणि त्याच्याशेजारी बसले. मग गुंडाळलेल्या गादीवर जाऊन बसले ती दुपारपर्यंत. तू सामानवाल्या चौघांसमोर म्हणालास, "हिचं लहानपणापासून असंच. काम निघालं की हिला दुखणं येतं." सामानवाले हसले. त्यांचंही बरोबर आहे, मालक विनोद करतो तेव्हा हसावं लागतं. एकटी तुझी लेक हसली नाही. ठकीनं मला पाणी आणून दिलं आणि माझं ते भांड्यांचं खोकं स्वतःच्या खोक्यावर ठेवून दोन्ही एकदम वर नेली. मी दुपारच्या गाडीनं परत आले. तुला वाटलं असेल रागावून आले. रागावले होतेच, पण खरं म्हणजे मला आडवं व्हायचं होतं आणि तुझ्या घरात गाद्या अजून सोडलेल्या नव्हत्या.

आता मूळ गोष्ट. नाव मिळालं कसं? तर माझ्या आवाजामुळं. तुला ठाऊकच आहे, सव्वीस वर्षं झाली, या बसस्टँडवर गाड्यांची घोषणा मी करते. वरच्या मजल्यावर काचेची खोली, एक टेबल, एक माईक, गाड्यांचा तक्ता आणि मी. खाली आठ फलाट. प्रवाशांनी मला कधी पाहिलेलं नाही. आवाजावरून मी उंच, सडपातळ आणि तिशीतली असावी असं त्यांना वाटतं, आणि त्यांचा हा समज राहावा म्हणून मी मागच्या जिन्यानं ये-जा करते. माईकला एक बटण आहे. ते दाबलं की तांबडा दिवा लागतो आणि माझा आवाज आठही फलाटांवर जातो. सोडलं की बंद. गेल्या पावसाळ्यात तो दिवा गेला आणि बटण अडकायला लागलं. मी तीन अर्ज केले. अर्जावर सही झाली, दिव्याचं काही झालं नाही.

तर एके दिवशी साडेअकराच्या सुमाराला मी पाच नंबरची गाडी सोडली, बटणावरचा हात काढला आणि सर्जनच्या दवाखान्यात फोन लावला. तिथल्या मुलीला माझी फाईल सापडत नव्हती. ती म्हणाली, गाठी किती आणि कुठं ते परत सांगा, मी नव्यानं लिहून घेते, आणि जरा मोठ्यानं बोला. मी मोठ्यानं बोलले. इतक्या वर्षांची सवय, तोंडात माईकचाच सूर बसलेला. मी स्पष्ट, सावकाश, एकेक शब्द सुटा करत सांगितलं, "डाव्या दंडावर चार. उजव्या मांडीवर सहा. पोटावर अकरा. सर्वांत मोठी कमरेवर, लिंबाएवढी, आणि ती फार दुखते. कृपया नोंद घ्यावी." (ते 'कृपया' आपोआप निघालं.)

काचेतून खाली पाहिलं तर चार नंबरचे लोक बोचकी उचलून सहा नंबरकडे पळत होते आणि सहा नंबरवाले, हे लोक का पळताहेत म्हणून चार नंबरकडे. एक कंडक्टर कमरेला हात लावून उभा होता. तेवढ्यात दोन पिशव्या घेतलेले एक आजोबा जिना चढून धापा टाकत माझ्या खोलीत आले.

"बाई, फलाट क्रमांक अकरा कुठंय? खाली तर आठच आहेत."

मी म्हटलं, "आजोबा, तो पोटावर आहे."

त्यांच्या मागोमाग आमचे वाहतूक नियंत्रक धावत आले. ते एरवी शांत गृहस्थ, टक्कर झाली तरी आधी पेनाचं टोपण लावतात, पण त्या दिवशी टोपण हातातच होतं. त्यांनी माईकची वायरच उपटली. मग माझ्याकडे न बघता छताकडे बघत म्हणाले, "बाई, सगळ्यांना ऐकू गेलं." मी विचारलं, "कुठपासून?" ते म्हणाले, "डाव्या दंडापासून."

जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं वाटलं. पण जमीन पहिल्या मजल्यावर नसते, तिथं फरशी असते, आणि ती आमच्या खात्याची असल्यानं अर्ज केल्याशिवाय काही करत नाही. मी टेबलावर डोकं टेकलं. आजोबा निघून गेले (त्यांची गाडी सुटली, मी नंतर त्यांना नियंत्रकांच्या ओळखीनं पुढच्या गाडीत पुढची जागा दिली), आणि दारात एक बाई उभी राहिली. पांढरे आखूड केस, हातात थर्मास. तिनं आत येऊन खुर्ची ओढली, मला विचारलंही नाही.

म्हणाली, "मी पस्तीस वर्षं इस्पितळात नर्स होते. चरबीच्या गाठी मी हजार बघितल्यात. त्या दुखत नाहीत. तुमच्या दुखतात म्हणालात ते खरं का?"

मी म्हटलं, "खरं नसतं तर आठ फलाटांवर सांगितलं असतं का?"

तिनं माझ्याच तक्त्याच्या मागं एका डॉक्टरांचं नाव लिहून दिलं. शिकवायचं मोठं इस्पितळ, तिसरा मजला. "त्यांना सांगा, थर्मासवाल्या सिस्टरनं पाठवलंय." आणि तिची गाडी लागली होती म्हणून ती गेली. तिच्या गाडीची घोषणाही मला करता आली नाही, वायर नियंत्रकांच्या खिशात होती.

पुढचे चार दिवस स्टँडवर माझा जो सत्कार झाला तो काय सांगू. एका कंडक्टरनं सासूचं तेल आणून दिलं. कॅन्टीनवाल्यानं माझा चहा बिनसाखरेचा करून टाकला, न विचारता. झाडूवाल्या बाईनं स्वतःचा कमरेचा पट्टा दिला, तो मला लागत नव्हता आणि तिला परत घ्यायचा नव्हता. एक ड्रायव्हर मात्र खट्टू झाला. म्हणाला, "आवाजावरून वाटलं होतं तुम्ही बारीक असाल." आणि पाचव्या दिवशी माझ्या खोलीत हाताची, मऊ पाठीची खुर्ची आली. ती नियंत्रकांची स्वतःची होती. ते आता स्टुलावर बसतात आणि मी विचारलं की म्हणतात, पाठ ताठ राहते.

डॉक्टर म्हातारे, सावकाश बोलणारे. त्यांनी दीड तास लावला, रक्त तपासलं, सोनोग्राफी केली, एका गाठीचा तुकडा तपासायला पाठवला, आणि पंधरा दिवसांनी त्या गायिकेचं नाव सांगितलं. मी विचारलं, बरं कधी होणार? त्यांनी खोटं सांगितलं नाही. म्हणाले, हा आजार पुरता बरा करणारं औषध अजून नाही, दुखणं कमी करता येतं, जी गाठ फार छळेल ती काढता येते, दुपारी झोपायचं आणि त्याची लाज बाळगायची नाही. मग म्हणाले, "आणि हे तुमच्या खाण्यामुळं किंवा आळसामुळं झालेलं नाही." दादा, मी त्यांना म्हटलं, हे वाक्य तुमच्या लेटरहेडवर लिहून, शिक्का मारून द्या. त्यांनी दिलं. सोबत जोडलंय. वहिनींना फ्रीजवर लावायला सांग.

या डॉक्टरांच्याच सांगण्यावरून गेल्या गुरुवारी मी परीक्षेला बसले. परीक्षा त्यांच्या शिकाऊ डॉक्टरांची, प्रश्नपत्रिका मी. मागून नाडी असलेला झगा घालून पलंगावर बसायचं, एकेक विद्यार्थी येणार, तपासणार, आणि दोन परीक्षकांना सांगणार की या बाईंना काय झालंय. मला बजावलेलं होतं, आजाराचं नाव सांगायचं नाही, विचारतील तेवढंच बोलायचं. हे मला सांगणं म्हणजे तुला सल्ला देऊ नकोस सांगण्यासारखं, पण मी कबूल झाले. पहिला मुलगा आला तो माझ्या डोक्यावरच्या भिंतीशीच बोलला आणि 'स्थूलपणा' म्हणून गेला. दुसऱ्यानं नाव बरोबर ओळखलं, घडाघडा सांगितलं, पण दाखवण्याच्या भरात कमरेवरचं लिंबू असं पिळलं की मी माझ्या माईकच्या आवाजात ओरडले. पलीकडच्या खोलीतल्या विद्यार्थ्यानं दचकून हृदय उजवीकडं असतं म्हणून सांगितलं म्हणे. तिसऱ्यानं मला विचारलं, दिवस गेलेत का? त्रेपन्नाव्या वर्षी! मी म्हटलं, बरेच गेले, आता थोडे उरलेत. चौथा गाठी मोजायला लागला, मधेच चुकला, परत पहिल्यापासून, परत चुकला. मला राहवेना. मी छताकडं बघत पुटपुटले, "पोटावर अकरा." परीक्षकांनी माझ्याकडं असं बघितलं, जणू कॉपी करताना मीच सापडले.

पाचवी एक मुलगी होती. चष्मा नाकावरून घसरत होता, कपाळावर घाम. तिनं आधी पडदा ओढला. बाकी चौघांना तो पडदा आहे हेच दिसलं नव्हतं. मग आपले हात एकमेकांवर चोळून गरम केले आणि म्हणाली, "काकू, सगळ्यात जास्त कुठं दुखतं ते आधी सांगा. तिथं मी शेवटी हात लावीन."

दादा, मला रडू आलं. कशाला आलं ते विचारू नकोस. बारा वर्षांत सर्जनच्या सुरीला आलं नाही, तुझ्या सामानवाल्यांना आलं नाही, आणि तिथं नाडीचा झगा घालून मी हमसून हमसून रडले. त्या मुलीला वाटलं, आपण काहीतरी चुकलो, नापास झालो. तीही रडायला लागली. रडता रडता तिनं विचारलं, "घरचे काय म्हणतात?" मी सांगितलं. परीक्षकांनी पडद्याआड डोकावलं तर प्रश्नपत्रिका आणि विद्यार्थिनी एकमेकींना धरून बसलेल्या. मिश्यांवाले परीक्षक म्हणाले, "निदान?" ती म्हणाली, "सर, नाव आठवत नाहीये. पण यांना खूप वर्षं दुखतंय आणि कुणाचा विश्वास बसत नाहीये." मिश्यांवाले माझ्याकडं वळून म्हणाले, "बाई, बरोबर आहे का?" आता विचारलं तर सांगायला हवं ना. मी म्हटलं, "अगदी." ती पास झाली. (पिळणाराही झाला. मी डॉक्टरांना सांगितलंय, त्याला हाडांच्या खात्यात पाठवा.) सहावा कोण होता ते मला आठवत नाही, माझा रुमाल डोळ्यांवर होता.

अजून एक सांगायचं राहिलं, आणि ते कसं सांगावं ते कळत नसल्यानं मी हे एवढं लांबण लावलं. डॉक्टरांनी घराण्याची माहिती विचारली होती. कागदावर चौकोन म्हणजे पुरुष, गोल म्हणजे बायका. तुझा चौकोन काढला (छान ताठ आला), मग आईच्या गोलाशी येऊन थांबले. आईला काही त्रास? मी म्हटलं, आईला काही नव्हतं, ती फक्त दुपारी झोपायची. आणि बोलून गेल्यावर माझा आवाज मलाच ऐकू आला.

दोन वाजता तिचं दार लागायचं, आठवतंय? बाबा पाहुण्यांना हसून सांगायचे, आमच्याकडं दुपारी राणीसाहेबांचा दरबार बंद. आणि तू. तू एकदा मोजणीच्या कामावरून आला होतास, तापानं फणफणलेला, तेव्हा म्हणाला होतास, आईनं मला कधी मांडीवर घेतलं नाही, तुला घेतलं असेल. दादा, मलाही नाही घेतलं. मी जवळ गेले की ती उठून उभी राहायची आणि काहीतरी काम काढायची. शेवटच्या आजारात तिला मीच पुसायची. तिच्या मांड्यांवर गाठी होत्या. मला वाटलं, म्हातारपण. डॉक्टर म्हणतात, आता नक्की सांगता येणार नाही, पण असू शकतं, हा आजार क्वचित घराण्यात उतरतो. मीही नक्की म्हणत नाही. पण गेल्या महिन्यात शेजारणीचं तीन वर्षांचं पोर धावत येऊन माझ्या मांडीवर चढलं, आणि मी ताडकन उठून पाण्याची मोटार बंद करायला गेले. मोटार बंदच होती. त्या बटणापाशी मी बराच वेळ उभी राहिले. तिला आपण दोघंही नकोसे नव्हतो रे.

असो. पत्र फार लांबलं, आणि दोन वाजत आलेत, माझा दरबार बंद व्हायची वेळ झाली. माझी काळजी करू नकोस. दुखणं औषधानं निम्म्यावर आलंय, खुर्ची चांगली आहे, तांबडा दिवाही बसवलाय, आता तो माईक बंद असतानाही लागतो. तू इकडं यायची मुळीच गरज नाही. वहिनींना नमस्कार. तुझ्या गुडघ्याला आशीर्वाद. आपल्या माणसांवर ठेवतोस तेवढाच राग ठेव, त्याहून जास्त नको.

तुझी,
धाकटी (आणि दुर्मीळ) बहीण

ता. क. घर बदलताना माझी काळी छत्री तुझ्याकडं राहिली. ड्रायव्हरबरोबर दे. हे पत्र मी खरं म्हणजे छत्रीसाठीच लिहिलं.

ता. क. छत्रीसाठी नाही लिहिलं. ठकीचं ट्रेनिंग कसं चाललंय असं तू काल ड्रायव्हरजवळ म्हणालास म्हणे. चांगलं चाललंय. तुला ऑफिसच्या ट्रेनिंगला जाते म्हणून सांगून ती निघाली, ते ट्रेनिंग माझ्या घरी आहे. शनिवारपासून ती इथं आहे, ऑफिसची रजा काढून. तिच्या उजव्या दंडावर तीन आणि मांडीवर दोन आहेत. तू रोज पहाटे बागेच्या दिशेनं जातोस ना, ती वर्षभर त्याच वेळी उलट्या दिशेनं दोन-दोन मैल चालतेय, चालण्यानं गाठी जातील आणि तुला काही सांगायची वेळ तिच्यावर येणार नाही म्हणून. मी तिला आमच्या डॉक्टरांकडं नेलं. घाबरण्यासारखं काही नाही, बारीक आहेत, लवकर कळलं. पण ती तुला सांगायला घाबरते. आजाराला नाही घाबरत, तुला घाबरते. तुला सांगायचं नाही अशी तिनं मला शपथ घातलीय, आणि मी आयुष्यात पहिल्यांदा शपथ मोडतेय, तीही लेखी. रविवारी सकाळच्या गाडीनं ये. गाडीतून उतरलास की तिला सल्ला देऊ नकोस, काही समजावू नकोस. नुसता तिच्याशेजारी बस. उजवीकडं नको, डावीकडं बस.

ता. क. ठकी उठली. पत्र उघडंच होतं, तिनं वाचलं. सगळं वाचलं. मला वाटलं, फाडून टाकते की काय. तर ती आता पेन मागतेय. देते.

बाबा, रविवारपर्यंत थांबू नका. उद्याच या.